पाठवलं, पण पोचलं का?

संगणकाचा प्रोसेसर त्याचा बराचसा वेळ रिकामा बसून घालवतो. पडद्यावर गोल फिरत असतं, पंखा घोंघावत असतो, आणि रेणापूरच्या एखाद्या सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळलेला माणूस म्हणतो, "आजून फिरायलंच आहे की!" त्याला वाटतं, मशीन कामाच्या ओझ्याखाली दबलंय. प्रत्यक्षात मशीनला त्या घडीला काहीच काम नसतं. त्यानं दूरच्या सर्व्हरला काहीतरी विचारलेलं असतं आणि उत्तर येईपर्यंत ते हात बांधून बसलेलं असतं. असं हात बांधून बसायचं की मधल्या वेळात दुसरं काही उरकायचं, हा असिंक्रोनस वाचन-लेखनाचा मूळ प्रश्न. प्रश्न एवढाच असला तरी त्याच्या उत्तरावर संगणकवाल्यांनी साठ-सत्तर वर्षं घालवली आहेत. आणि ते उत्तर अर्धवट समजलं तर काय होतं, ते आपण रोज मोबाईलवर सोसतो.

आधी हिशेब मांडू. आजच्या साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर सेकंदाला 300 कोटी ठोके घेतो. त्यातला एक ठोका आपण एक सेकंदाचा धरला, तर मेमरीतून एखादी गोष्ट आणायला साधारण पाच मिनिटं लागतात. एसएसडीवरून आणायची तर साडेतीन दिवस. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर जावं लागलं तर वर्षाला थोडे कमी. आणि नेटवर्कवरून उत्तर यायला 60 मिलिसेकंद लागले, तर याच मापानं साडेपाच वर्षांहून अधिक काळ. रेणापूर ते मुंबई एवढ्या पाचशेएक किलोमीटरच्या काचतंतूतून प्रकाशाला जाऊन यायला जेमतेम 5 मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ टॉवर, राउटर, सर्व्हरपुढची रांग आणि त्याच्या मागचा डेटाबेस यांत जातो. म्हणजे साडेपाच वर्षं एका पत्राच्या उत्तरासाठी दारात बसून राहणारा कारकून, आणि त्याचा पगार चालू.

यावरचा उपाय समजून घ्यायला फार लांब जायला नको. रेणापूर तालुक्यातच निवाड्याजवळ दिलीपनगरला रेणा सहकारी साखर कारखाना आहे. समजा, असा एखादा कारखाना एका वेळी एकच गाडी पाठवू लागला. टोळीनं ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, काट्यावर वजन करायचं, गव्हाणीत ती रिकामी करायची आणि मगच दुसऱ्या गाडीला निघायला सांगायचं. गाळप सुरू होऊन दहा मिनिटांत 'नो केन' म्हणून मिल बंद! म्हणून कोणताच कारखाना असं करत नाही. कितीतरी टोळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या फडांत असतात, भरलेल्या गाड्या यार्डात येऊन नंबर लावतात, आणि गव्हाण हजर असलेली गाडी घेत राहते. खरोळ्याची गाडी आधी निघाली आणि पानगावची आधी पोचली, तर पानगावची आधी रिकामी होते. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ऊस तोडायला लागणारा वेळ एका मिनिटानंही कमी झालेला नाही. कमी झालं ते मिलचं रिकामं बसणं. असिंक्रोनस केलं की प्रोग्राम वेगवान होतो, असं नव्या प्रोग्रामरला वाटतं ते म्हणूनच अर्धंच खरं. एका माणसाच्या अर्जाला लागणारा वेळ तोच राहतो. त्याच वेळात हजार माणसांचे अर्ज पुढे सरकतात.

ही युक्ती नवी नाही. सुरुवातीच्या यंत्रांत छिद्रांची पट्टी वाचायची म्हटली की प्रोसेसर स्वतः एकेक अक्षर उचलत बसे. 1950 च्या दशकात दोन सुधारणा झाल्या. एक इंटरप्ट: काम झालं की बाहेरच्या साधनानं प्रोसेसरला हाक मारायची, प्रोसेसरनं सारखं 'झालं का, झालं का' विचारत बसायचं नाही. दुसरी, माहितीची ने-आण करणारी स्वतंत्र छोटी यंत्रणा, जिला चॅनेल म्हणत. आयबीएमच्या 1958 च्या 709 या संगणकात असे चॅनेल होते. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये 1960 साली देशी बनावटीचा टिफ्रॅक चालू झाला आणि 1964 मध्ये तिथं सीडीसी 3600 हे अमेरिकी यंत्र आलं. त्यातही ने-आणीसाठी वेगळे चॅनेल होते.

पुण्याचं उदाहरण मला याहून आवडतं. सी-डॅकनं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' उभा केला. अमेरिकेनं महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले आणि आपण आपला केला, इथवर ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आत काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आत ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिपा होत्या. प्रत्येक चिपेला शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी चार दुवे, आणि दुव्यांवरून माहिती वाहत असताना चिपेचा मेंदू हिशेब करायला मोकळा. शिवाय एखादं काम दुव्यावर उत्तराची वाट पाहू लागलं, की चिप ते बाजूला ठेवून तयार असलेलं दुसरं काम आपणच उचलत असे. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला विचारावं लागत नव्हतं. आज प्रोग्रामर ज्याला असिंक म्हणून मिरवतात, ते पुण्यात तेव्हा सिलिकॉनमध्ये कोरलेलं होतं.

मग वेब आलं आणि जुना प्रश्न नव्या आकारात परत आला. सर्व्हरची सरळ रीत अशी होती: येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामागं एक थ्रेड लावायचा. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला एक स्वतंत्र कामगार. तो गिऱ्हाइकाचं ऐकतो, डेटाबेसला विचारतो, उत्तर येईपर्यंत झोपतो, मग उठून उत्तर देतो. शंभर गिऱ्हाइकांपर्यंत हे छान चालतं. पण लिनक्सवर एका थ्रेडच्या नावानं साधारण 8 एमबी एवढी पत्त्यांची जागा राखून ठेवली जाते, आणि या झोपलेल्या हजारो कामगारांना आलटून पालटून उठवण्यातच प्रोसेसर थकतो. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी सवाल मांडला की एका सर्व्हरनं एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइकं का सांभाळू नयेत? पुढच्या दशकभरातलं बरंचसं काम या प्रश्नाभोवती फिरलं. लिनक्समध्ये 2002 साली ईपोल आलं: हजारो जोडण्यांवर नजर ठेवून 'या एवढ्यांवर काहीतरी आलंय' इतकंच सांगणारी सोय. इगोर सिसोएव यांनी 2004 मध्ये एनजिनएक्स हा सर्व्हर खुला केला, त्याचा पाया हाच. 2009 मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस आणलं आणि एका थ्रेडवर फिरत, ज्याचं उत्तर आलं ते काम पुढं नेणारा इव्हेंट लूप घरोघरीच्या प्रोग्रामरला ठाऊक झाला.

इव्हेंट लूपचा एक नियम मात्र कडक आहे. एकच कामगार सगळ्यांचं पाहतो, म्हणून कुणाच्याही कामात त्यानं जास्त वेळ अडकता कामा नये. एखाद्यानं त्याच लूपमध्ये दोन सेकंदांचा जड हिशेब घातला, तर दोन सेकंद सगळी गिऱ्हाइकं ठप्प.

इथं एक आडवळण घेतो, कारण चांगले चांगले प्रोग्रामरही इथं फसतात. ईपोल नेटवर्कच्या जोडणीबद्दल 'आता वाचायला हरकत नाही' असं सांगतं. पण डिस्कवरच्या साध्या फाईलला ते चालत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी फाईल कायमच 'तयार' असते, मग ती प्रत्यक्ष यायला कितीही वेळ लागो. म्हणून नोड फाईल वाचायला पडद्यामागं चक्क जुन्या पद्धतीचे थ्रेड वापरतं, आणि मुद्दाम बदललं नाही तर ते फक्त चार असतात. वरून असिंक्रोनस, आतून चार कामगार! लिनक्सनं यावर नीट तोडगा काढला तो मे 2019 मध्ये, जेन्स ॲक्सबो यांच्या आयओ-युरिंगनं. प्रोग्राम आणि कर्नल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) यांच्यामध्ये दोन सामाईक चक्राकार रांगा: एकीत प्रोग्राम मागण्या टाकतो, दुसरीत कर्नल पूर्ण झालेल्या कामांच्या पोचपावत्या टाकतो. 'तयार आहे' आणि 'झालं' यांतला फरक यानं मिटवला. पण कर्नलचा नवा दरवाजा उघडला की चोरही तिकडे वळतात. गूगलनं 2023 मध्ये सांगितलं की कर्नलमधल्या पळवाटा शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याच्या त्यांच्या योजनेत आलेल्या प्रवेशिकांपैकी 60 टक्क्यांनी याच आयओ-युरिंगचा आधार घेतला होता, आणि क्रोमओएसमध्ये त्यांनी ते बंदच करून टाकलं.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर सुरुवातीचे दिवस वाईट होते. 'हे आलं की ते कर, ते आलं की पलीकडचं कर' अशा कॉलबॅकच्या आत कॉलबॅक कोंबत गेलं की प्रोग्राम उजवीकडं सरकत सरकत पानाबाहेर जाई. मग असिंक आणि अवेट हे दोन शब्द आले. सी-शार्पमध्ये 2012 ला, पायथनमध्ये 2015 ला, जावास्क्रिप्टमध्ये 2017 ला. आता प्रोग्राम वरून खाली सरळ वाचता येतो. जिथं अवेट लिहिलंय तिथं तो आपली जागा सोडून बाजूला होतो आणि उत्तर आल्यावर तिथूनच पुढं चालू लागतो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. धोका असा की त्या एका शब्दाच्या जागी जग बदलून जाऊ शकतं, हे विसरायला होतं.

एखाद्या सरकारी फॉर्मवर हा प्रकार तुम्ही पाहिलाही असेल. जिल्हा लातूर निवडला. तालुकाही घाईत लातूर निवडला गेला. लगेच लक्षात आलं, म्हणून बदलून रेणापूर केला. गावांच्या यादीसाठी आता दोन मागण्या गेल्या आहेत. रेणापूरची यादी छोटी, ती चटकन आली; लातूरची रेंगाळत मागून आली आणि तिनं आधीचीला पुसून टाकलं. वर तालुका रेणापूर आणि खाली गावं मुरूड, गातेगाव! पानगाव शोधून सापडत नाही, आणि फॉर्म भरणारा पोरगा म्हणतो, साईटच खराब आहे. खराब काही नाही. मागण्या ज्या क्रमानं गेल्या त्याच क्रमानं उत्तरं येतील, असं लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं. लातुरातल्या क्लासच्या वायफायवर किंवा पुण्याच्या ऑफिसात हा दोष दिसणारही नाही, कारण तिथं उत्तरं इतकी झटपट येतात की क्रम उलटायला फटच राहत नाही. तो शिवारातल्या एका कांडीच्या रेंजवर दिसतो. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा आणि शिळं उत्तर आलं तर फेकून द्यायचं, एवढीच दुरुस्ती आहे. ऑनलाइन विकायला ठेवलेल्या खताच्या शेवटच्या पोत्याचंही तसंच: दोन मागण्यांनी 'एक शिल्लक' असं वाचलं, दोघी अवेटवर थांबल्या, आणि दोघींनी ते पोतं दोघांना देऊन टाकलं.

वाचण्यापेक्षा लिहिणं जास्त दगाबाज असतं. वाचताना उत्तर आलं नाही तर निदान कळतं तरी. लिहिताना मात्र 'झालं' असं खोटं समाधान फार लवकर मिळतं. संगणकावर सेव्ह दाबलं की ऑपरेटिंग सिस्टीम ती माहिती मेमरीतल्या एका कोपऱ्यात घेते आणि प्रोग्रामला 'लिहिलं' म्हणून सांगून मोकळी होते. डिस्कवर ती नंतर सवडीनं जाते; लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत अशी माहिती साधारण 30 सेकंद जुनी झाली की लिहायला काढतात. हे मुद्दाम केलेलं आहे आणि योग्यही आहे, कारण थोडं थोडं लिहिण्यापेक्षा एकदम लिहिणं डिस्कला परवडतं. पण त्या मधल्या वेळात लाईट गेली तर? इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेल्या दुकानात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. पेनड्राइव्ह काढण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करा, असं मशीन सांगतं ते याचसाठी. जिथं माहिती हरवून चालत नाही तिथं, म्हणजे बँकेच्या किंवा जमिनीच्या नोंदींच्या डेटाबेसला, 'एफसिंक' नावाची आज्ञा देऊन 'खरोखर डिस्कवर गेलं का ते सांग, तोवर मी थांबतो' असं विचारावं लागतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस या नामांकित डेटाबेसच्या लोकांच्या ध्यानात आलं की एफसिंक एकदा चुकलं आणि पुन्हा विचारलं, तर लिनक्स दुसऱ्या खेपेला 'सगळं ठीक' म्हणू शकतं आणि मधली माहिती गेलेली असते. आता असा प्रसंग आला की पोस्टग्रेस सरळ स्वतःला बंद करून घेतं आणि आपल्या नोंदवहीतून पुन्हा उभं राहतं. अर्धवट खोट्यापेक्षा पूर्ण थांबणं बरं, हा त्यांचा निर्णय मला पटतो.

शेतकऱ्याच्या हातात हा सगळा प्रश्न आला तो 'ई-पीक पाहणी'तून. राज्यभर ती 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद फोन घेतो, आणि ती माहिती गाव नमुना बारामध्ये जाते. शिवारात रेंज नसते, हे ॲप करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून माहिती आधी फोनमध्ये साठते आणि रेंजमध्ये आल्यावर ॲपमधल्या 'अपलोड'मधून पाठवता येते. ही रचना उत्तम आहे. सोयाबीनच्या रानात उभं राहून नेटवर्कची वाट पाहायला लावणारं ॲप कुणीच वापरलं नसतं. पण गडबड होते ती इथंच. फोटो निघाला, पडद्यावर माहिती साठल्याचं दिसलं, की माणसाच्या लेखी काम झालं. फोनच्या लेखी ते अजून अर्ध्यावरच असतं. फोन बिघडला, ॲप काढून पुन्हा टाकलं, मुदत उलटली, तर नोंद कुठंच नाही. आणि ती नोंद नसली की हमीभावाच्या खरेदीला नाव लावताना सातबारावर पीक दिसत नाही. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये ठरला. न पोचलेल्या एका नोंदीची किंमत त्यावरून काढता येईल. 'फोनमध्ये आहे', 'पाठवत आहे' आणि 'सरकारदरबारी नोंद झाली' या तीन वेगळ्या अवस्था आहेत. त्या तीन वेगळ्या रंगांत, ठळक मराठीत दाखवणं हे सजावटीचं काम नाही, तो त्या प्रोग्रामचा गाभा आहे.

पैशांच्या बाबतीत आपण हे शिकलो. एप्रिल 2016 मध्ये मुंबईत सुरू झालेली यूपीआय मुळापासून असिंक्रोनस आहे. तुमची बँक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला निरोप धाडते तेव्हा तिला लगेच मिळते ती फक्त पोच; खरं उत्तर नंतर वेगळा निरोप म्हणून येतं, आणि कुठलं उत्तर कुठल्या मागणीचं हे व्यवहाराच्या क्रमांकावरून जुळवलं जातं. ऑगस्ट 2025 मध्ये महिन्याभरात 2000 कोटींहून जास्त व्यवहार या रीतीनं झाले. प्रत्येकासाठी दोन्हीकडच्या बँका ओळ अडवून बसल्या असत्या, तर हा आकडा गाठताच आला नसता. उत्तर वाटेत हरवलं की आपल्याला 'पेंडिंग' दिसतं. घाईनं पुन्हा पैसे पाठवले की नवा क्रमांक, नवा व्यवहार, आणि मग दोन्ही पोचतात. म्हणून पेंडिंग दिसलं तर थांबावं.

थांबायचं तरी किती? रिझर्व्ह बँकेनं 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात त्याला हद्द घालून दिली आणि भरपाईची तरतूद त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून लागू झाली. यूपीआयनं कुणाच्या खात्यात पाठवलेले पैसे तुमच्याकडून कापले गेले आणि तिकडं जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्यापर्यंत गेली नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही तक्रार करण्याची वाट न पाहता. बँकेनं तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला काही खर्च येत नाही. व्यवहाराचा क्रमांक मात्र जपून ठेवा. तक्रार करताना आधी तोच विचारतात.